आठवा ठोका

झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात बँड कशाला हवा, असं कुणीही विचारेल. प्रेस खात्यातल्या बायकांनीही पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि एकमेकींना कोपरखळ्या मारून हसून घेतलं होतं. पण मॅनेजरसाहेबांनी कुठेतरी वाचलं होतं की जेवणानंतर माणसाचे हात जड होतात आणि संगीताने ते हलके होतात. साहेबांच्या वाचनात काही आलं की खालच्यांची धडगत नसे. खात्याच्या एका टोकाला फळ्यांचा मंच उभा राहिला, वर दोन भोंगे टांगले गेले, आणि रोज दुपारी दोन ते चार चौघंजण तिथे स्विंग, म्हणजे जॅझमधलं नाचायचं संगीत, वाजवू लागले. समोर नाचायला कुणी नाही. समोर बारा प्रेस मशीनं, बारा बायका, आणि पत्र्याच्या गोल झाकणांनी भरत जाणाऱ्या बारा टोपल्या.

चौघांतल्या ड्रमवाल्याला सगळे घड्याळ म्हणत. हे नाव मास्तरांनी दिलेलं. मास्तर म्हणजे क्लॅरिनेटवाले आणि बँडचे म्होरके. कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की त्यांचे दात दुखायचे, त्यामुळे हे नाव म्हणजे पदकच होतं. "बाकीची माणसं आहेत, चुकतात," मास्तर म्हणायचे, "हे घड्याळ आहे." आणि ते खरंही होतं. तीन वर्षांत त्याचा एक ठोका इकडचा तिकडे झाला नव्हता. डबल बासवर एक म्हातारे काका होते. ते वाजवताना डोळे मिटून घेत आणि झोपलेत की जागे आहेत हे फक्त वाजवण्यावरूनच कळे. पियानोवर एक अबोल बाई होत्या. त्यांच्या अबोल्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण मास्तर चौघांच्या वाट्याचं बोलत.

या बँडचा एक नियम होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एक चुकला की सगळ्यांनी चुकायचं. कुणी ठोकाभर आधी आला, तर त्याला मागे ओढायचं नाही. बाकीच्यांनीच उडी मारून त्याच्यापाशी जायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे असंच बांधलेलं असणार. नंतर कुणी कुणाला बोलायचं नाही, आणि बाहेर तर अवाक्षरही काढायचं नाही. जगातले बरेच बँड असंच करत असतील. पण मास्तरांच्या बँडमध्ये तो धर्म होता.

तिसऱ्या मशीनवर घड्याळाची थोरली बहीण होती. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सतरा. त्याला खाऊ घालणं, शाळेत घालणं, शाळेतून पळून आला की बदडणं, सगळं तिनेच केलं. कारखान्यात बँड ठेवणार असं कळल्यावर चार दिवस मॅनेजरच्या दारात उभं राहून भावाचं नाव पुढे केलं तेही तिनेच. एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बहीणभाऊ राहात. लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एक पोर वाढवलं, हौस फिटली," आणि त्याच्या डोक्यात टपली मारायची.

आता तिचं काम. साच्यात पत्र्याची चकती ठेवायची, हात काढून घ्यायचा, पायाने पट्टी दाबायची, वरचा साचा धाडकन खाली येतो, झालेलं झाकण टोपलीत टाकायचं. दिवसभर एवढंच. बँड आल्यावर महिन्याभरात बायकांनी हे काम 'पळापळ' नावाच्या चालीवर बसवून टाकलं. ही चाल मास्तरांनी स्वतः बांधलेली, नावाप्रमाणेच दम काढणारी. एकला चकती आत, दोनला हात बाहेर, तीनला पाय, चारला झाकण टोपलीत. ताई म्हणायची, "हात क्लॅरिनेटचं ऐकतो आणि पाय तुझ्या ड्रमचं. डोक्याला कामच नाही. मी आपली भाजीचा विचार करते."

साच्यापुढे लोखंडी जाळी असायला हवी, आणि एके काळी ती होतीही. पण जाळी उचलण्यात आणि पाडण्यात वेळ जातो म्हणून बाराही जाळ्या काढून मंचाखाली रचून ठेवल्या होत्या. घड्याळाने पायाने मोठा ड्रम वाजवला की त्या खाली किणकिणत. मास्तरांना तो आवाज खपत नसे, पण तक्रार करण्याइतका नाही. वर्षभरात मॅनेजरसाहेब तीनदा मंचापाशी येऊन "जरा वेग घ्या की मास्तर" म्हणून गेले होते, आणि तिन्ही वेळा 'पळापळ' जरा जास्त पळाली होती.

या चालीच्या मधोमध एक जागा होती. तिथे सगळे एकदम थांबत आणि घड्याळ एकटा आठ ठोके भरून काढी. मग पुढच्या आवर्तनाच्या एकवर चौघंही तुटून पडत. बँडवाले तिला 'मोकळी' म्हणत. मोकळी आली की बाकीच्या अकरा बायका हात मागे घेत, नाक पुसत, शेजारणीला काहीतरी सांगत आणि गाडी पुन्हा रुळावर आली की चकती उचलत. एकटी ताई मात्र थांबत नसे. मोकळीतही तिचं एक-दोन-तीन-चार चालूच. सुपरवायझर एकदा म्हणाला, बाई, घ्या की दम. तर म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. त्याचा ठोका कुठे पडणार ते मला झोपेतही कळतं."

महिनाभर घड्याळाच्या डोक्यात एक तुकडा घोळत होता. एका सकाळी चहाच्या वेळी त्याने तो टेबलावर दोन चमच्यांनी वाजवून दाखवला. टेबल बडवण्याची त्याची खोड जुनी. ताई लहानपणापासून त्यासाठी त्याच्या मनगटावर फटके मारत आली होती, आणि दोघांनाही तो फटका पडल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

"आठच ठोके," तो म्हणाला. "पण चार-चार नाही. तीन, तीन आणि दोन. ऐक."

टेबलाखाली ताईच्या पायाने ठेका धरला होता. तो मध्येच अडखळला.

"हे लंगडतंय रे."

"लंगडत नाही, लंगडल्यासारखं वाटतं. शेवटी बघ कसं बरोबर येऊन पडतं."

त्याने पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा तिच्या पायाला ते सापडलं आणि ती खुदकन हसली. "छान आहे की! पण खात्यात नको हं वाजवूस. माझा पाय बावचळेल."

"छे गं," तो म्हणाला. आणि तो हे मनापासून म्हणाला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

त्याच दुपारी मॅनेजरसाहेब दुसऱ्या कारखान्याचे पाच पाहुणे घेऊन आले. मंचापुढे खुर्च्या मांडल्या गेल्या. साहेबांनी हात पसरून, जणू काही क्लॅरिनेटचा शोध आपणच लावला अशा थाटात, बँडची माहिती दिली. मास्तरांनी तिघांकडे पाहिलं आणि नुसतं "आज जरा चमकायचं" एवढंच म्हटलं. 'पळापळ' सुरू झाली. पाहुण्यांच्या माना डोलू लागल्या, एकाने तर गुडघ्यावर ताल धरला. घड्याळाच्या अंगात आलं. तीन वर्षं तो घड्याळ होता. घड्याळाकडे सगळे बघतात, पण त्याला टाळी कोण देतं?

मोकळी आली आणि त्याने तो तुकडा टाकला.

पहिले तीन चोख पडले. दुसरे तीनही. तिसऱ्या मशीनवर ताईने मान वर केली. ओळखीचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते पाहून त्यालाही हसू आलं, आणि शेवटच्या दोनांतला एक ठोका त्याने खाल्ला. सातच झाले होते. आठव्यावर, अजून त्याची मोकळी चालू असताना, आपण एकवर आलो असं समजून त्याने मोठ्या ड्रमवर पाय दाबला.

मास्तर बरोबर होते. ते आपल्या एकवर, म्हणजे त्याच्यानंतर एका ठोक्याने आले. जिना संपला म्हणून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं घड्याळाला झालं. एक आवर्तन, फक्त एक, ड्रम पुढे आणि क्लॅरिनेट मागे असे चालले. मग मास्तरांनी उडी मारली. काकांनी आणि पियानोवाल्या बाईंनीही मारली. नियम पाळला गेला. एकाही पाहुण्याची मान डोलायची थांबली नाही. त्या क्षणी घड्याळाच्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगायला हवं: त्याला आपल्या बँडचा अभिमान वाटला.

भोंग्यांच्या आणि मशीनांच्या गोंगाटात त्याला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. तो आणखी सोळा आवर्तनं वाजवत राहिला. मग चौथ्या मशीनवरची बाई दोन्ही हात हलवत मंचाकडे धावत येताना दिसली, आणि तिच्या मागे ताई स्टुलावर तशीच बसलेली, साच्याकडे बघत.

इस्पितळाच्या बाकावर त्याला हिशेब लागला. हिशेब लागायला डोकं लागत नव्हतं, चारपर्यंत मोजता आलं की पुरे. तिचा हात क्लॅरिनेटच्या दोनवर बाहेर यायला निघाला होता. तिचा पाय ड्रमच्या तीनवर खाली गेला होता. त्या एका आवर्तनात मास्तरांचा दोन आणि त्याचा तीन एकाच क्षणी पडले. आतून डॉक्टर आले आणि म्हणाले, उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली, बाकीचा हात वाचला. त्याने मान हलवली. डॉक्टरांना वाटलं, त्याला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली. चेहरा भिंतीसारखा पांढरा, पण डोळे त्याच्यावर.

"मला मोकळीनंतरचं काही आठवत नाही रे," ती म्हणाली. "तू ते तुझं तीन-तीन वाजवलंस ना? नको म्हटलं होतं तरी?"

"वाजवलं."

"बसलं का नीट?"

आता इथे एक शब्द पुरेसा होता. तो त्याच्या जिभेवर होताही. पण त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या गाठोड्याकडे त्याची नजर गेली आणि त्याचा धीर खचला. तो म्हणाला, "बसलं. नीट बसलं."

ताईने डोळे मिटले. "मग माझंच कुठेतरी चुकलं," ती म्हणाली.

त्यानंतर रोज तो जायचा आणि रोज ती विचारायची. सांग ना, तू तर समोर होतास, माझं कुठे चुकलं? चकती वाकडी ठेवली होती का? तुझ्याकडे बघून हसले तेव्हा का? पडल्यापडल्या ती डाव्या हाताने चादरीवर एक-दोन-तीन-चार मोजायची, पुन्हा पहिल्यापासून, आणि कुठे चूक सापडते का बघायची. तो म्हणायचा, "तुझं काही चुकलं नाही गं." भाऊ समजूत घालतोय असंच तिला वाटायचं. सत्य सांगूनही खोटं बोलता येतं हे त्याला त्या वीस दिवसांत कळलं.

इकडे कारखान्यात चौकशी सुरू झाली होती. बाराही जाळ्या मंचाखालून निघाल्या, त्यांना हिरवा रंग लागला आणि त्या जागच्या जागी बसल्या. मॅनेजरसाहेबांनी लिहून दिलं की जाळ्या पूर्वीपासून होत्या, सदर बाई जाळी वर करून काम करत असावी. अकरा बायकांनी खाली बघितलं. बाईच्या कामाच्या पुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा मारून तिला कमी करायचं, एवढंच उरलं होतं. असा शेरा असलेल्या बाईला त्या शहरातला कुठलाही कारखाना दारात उभं करत नसे.

विसाव्या दिवशी ताई घरी आली होती. टेबलाशी बसून ती डाव्या हाताने आपलं नाव लिहायचा सराव करत होती. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी.

"काय करतेस?"

"परवा सही करायची आहे ना त्या कागदावर. माझी चूक झाली म्हणून. अंगठा उठवायची लाज वाटते बाई."

तो तडक उठला आणि मास्तरांच्या घरी गेला.

मास्तर खिडकीत बसून क्लॅरिनेटची नळी पुसत होते. घड्याळाने सगळं सांगितलं. तसं सांगण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांना आठवा ठोका त्या दिवशीच ऐकू आला होता. त्यांनी नळी दोनदा उगाचच पुसली.

"आपला नियम काय आहे?"

"तिची दोन बोटं गेलीत, मास्तर."

"आणि तू बोललास की आपण चौघं जाणार. काकांचं वय काय आहे? त्यांना आता कोण उभं करतंय?" मास्तरांनी नळी मांडीवर ठेवली. "बरं, सांगितलंस. ऐकणार कोण? तुझी चूक कुणाला ऐकू आली? आपण ती ऐकू येऊच दिली नाही."

"मग पुन्हा वाजवू. तसंच. मी आठव्यावर येतो. तुम्ही मात्र उडी मारू नका, एक आवर्तन तुमच्याच जागी राहा. त्या दिवशी राहिलात तसे."

"त्या दिवशी मला कळायला एक आवर्तन लागलं. आता कळत असून चुकीचा राहू? चाळीस वर्षांत असं केलेलं नाही, आणि करणारही नाही. जा तू."

तिथून घड्याळ थेट चौकशीला नेमलेल्या साहेबाकडे गेला. हा चौकशीसाहेब भला माणूस होता. त्याने घड्याळाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला, आणि म्हणाला, वाजवून दाखवा. उद्या दुपारी, मशीनं बंद ठेवून. बाईंनाही बोलवा, त्या दिवशी जसं काम करत होत्या तसं करू देत.

ताईला त्याने एवढंच सांगितलं की साहेबांना पुन्हा एकदा सगळं बघायचं आहे. बाकीचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती मोजे घालत होती, एका हाताने, आणि त्याला वाटलं, वाजवून झाल्यावर सांगू. माणूस अवघड गोष्ट पुढे ढकलायला लागला की त्याला कारणांची कमी पडत नाही.

खातं बंद असलं की फार मोठं वाटायचं. मंचापुढे पाच खुर्च्या मांडल्या होत्या: चौकशीसाहेब, त्यांचा लेखनिक, मॅनेजरसाहेब, सुपरवायझर आणि एक कुणीतरी झोपाळू गृहस्थ. त्यांच्या पाठीमागे, तिसऱ्या मशीनवर, ताई बसली. तेवढ्यापुरती हिरवी जाळी वर केली होती. बांधलेला हात तिने साच्यापाशी नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. चकत्या नव्हत्या. मशीन मेलेलं होतं. तरी साच्यात हात नेताना तिचे खांदे कानांपाशी जात होते.

मास्तरांनी मोजलं आणि 'पळापळ' सुरू झाली. मशीनांच्या गोंगाटाशिवाय ती इतकी आनंदी वाटत होती की अंगावर काटा यावा. क्लॅरिनेट उड्या मारत होतं, पियानो खिदळत होता, काका डोळे मिटून चालत होते. झोपाळू गृहस्थ जागे झाले आणि बोटांनी खुर्चीचा हात वाजवू लागले. घड्याळ फक्त ताईकडे बघत होता. चार-पाच आवर्तनांत तिचे खांदे खाली आले. अंगात मुरलेलं काम, ते तिला घेऊन चाललं. एकला आत, दोनला बाहेर, तीनला पाय, चार.

मोकळी.

तीन. तीन. ताईने मान वर केली. या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एक. आणि आठव्यावर, पूर्ण शुद्धीत, समजून उमजून, त्याने पाय दाबला.

मास्तर आले नाहीत.

ते आले आपल्या जागी, एका ठोक्याने मागे. चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्या माणसाने केलं. चुकीच्या जागी, सगळं कळत असून, गालांच्या शिरा ताठ करून तो म्हातारा एक आवर्तन उभा राहिला. काकाही त्याच्याजवळ राहिले. पियानोवाल्या बाईही राहिल्या. ड्रम एकटा पुढे होता.

आणि मशीनवर ताईचा पाय ड्रमबरोबर खाली गेला. तिचा हात साच्यात होता.

मेलेलं मशीन हललं नाही. ताई मात्र तशीच थबकली, पाय पट्टीवर, पट्ट्यांचं गाठोडं साच्यात. तिने आधी पायाकडे पाहिलं. मग हाताकडे. मग हळूच मान वर करून भावाकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

चालीने पुढचं वळण घेतलं. मास्तरांनी उडी मारली, सगळं पुन्हा एक झालं, आणि शेवटपर्यंत धडाक्यात वाजलं. झोपाळू गृहस्थांनी टाळी वाजवली. चौकशीसाहेब म्हणाले, "वा. फारच छान. आता ती चूक वाजवून दाखवा."

"वाजवली, साहेब."

"कधी?"

"मोकळीनंतर. माझा ठोका आधी पडला."

साहेबांनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने खांदे उडवले. मॅनेजरसाहेब हसले. "आम्हाला तर काहीच जाणवलं नाही."

"तुम्हाला नाही जाणवणार. तुम्ही आमच्याकडे बघत होता," घड्याळ ओरडला. "तिच्याकडे बघा! पुन्हा वाजवतो, तुम्ही तिच्या हाताकडे बघा!"

"शांत व्हा," चौकशीसाहेब म्हणाले. "बहिणीसाठी तुमचा जीव तुटतोय, मला समजतं. मलाही बहीण आहे."

मग मास्तर पुढे आले. क्लॅरिनेट दोन्ही हातांत धरून, शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखे, ते म्हणाले, "तो खरं बोलतोय. आम्ही झाकलं." साहेबांनी मान डोलावली, मित्राची बाजू घेणाऱ्या मित्राचं ऐकताना डोलावतात तशी. शेवटी त्यांनी खुर्ची वळवून ताईला विचारलं.

ताई उठून उभी राहिली. "त्याचा ठोका आधी पडला," ती स्पष्ट म्हणाली. "माझा पाय गेला त्याच्याबरोबर. हात आतच होता."

"पण पहिल्या जबाबात तुम्ही म्हणालात, माझंच चुकलं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आणि आज कशावरून?"

"पायाला कळलं."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे सांगायला हवं. "बाई, पायाची साक्ष मी लिहू कशी?" ते म्हणाले. लेखनिकाने लिहिलं: वादन निर्दोष आढळले, भाऊ व सहकारी यांचे म्हणणे आपुलकीपोटी. ताईने सही केली नाही. तिच्या सहीवाचून काही अडलंही नाही.

फाटकापर्यंत दोघं बरोबर चालत आले. सारं आवार ओलांडेपर्यंत तो बोलत होता. माझ्या हातून झालं ताई, मी सांगणार होतो, धीर झाला नाही, तू मला मार, काहीही कर. फाटकाशी ती थांबली. त्याला वाटलं, आता ती बोटांबद्दल बोलेल.

"नीट बसलं म्हणाला होतास," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. लहानपणी तो मार खाऊन झाल्यावर शांत झोपायचा. पण ती फक्त त्याच्याकडे बघत होती, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. मग ती पुढे चालू लागली. त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

बँड काही गेला नाही. मॅनेजरसाहेबांना चौघं आवडले होते, आणि निर्दोष म्हणून कागदावर आलेल्या बँडला काढायचं कसं? घड्याळ जात राहिला, कारण आता घरात कमावणारा तो एकटाच होता. तिसऱ्या मशीनवर नवी बाई आली. 'पळापळ' रोज वाजते. मोकळीत तो आता नुसते आठ ठोके मारतो, एकासारखा एक, मनात मोजून. मास्तरांनी त्याला घड्याळ म्हणायचं सोडलं. ते त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत, नुसती मान हलवून खूण करतात.

ताई घर बघते. डाव्या हाताने कांदा चिरायला शिकली, बटणं लावायला शिकली. त्याच्याशी बोलते, नाही असं नाही. मीठ संपलं, वरचा नळ गळतोय, उद्या उशीर होणार का. कामापुरतं. तिने त्याला पुन्हा कधी असं काही विचारलं नाही की ज्याच्या उत्तरासाठी तिला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागेल. उशीर होणार का असं विचारून ती वाट बघत नाही, जेवून घेते.

एका सकाळी दोघं चहाला बसले होते. पट्ट्या सुटून आठवडा झाला होता. तिने उजवा हात टेबलावर ठेवला होता, उताणा, ऊन लागावं म्हणून. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. खाली शिंप्याने मशीन चालू केलं. घड्याळ खिडकीबाहेर कुठेतरी बघत होता, आणि त्याच्या नकळत, जुन्या खोडीने, त्याचं बोट टेबलावर पडलं. एकदाच.

ताईचा हात विस्तव लागल्यासारखा मागे गेला.

पूर्वीसारखा मनगटावर फटका बसेल म्हणून तो क्षणभर थांबला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपलेही दोन्ही हात टेबलाखाली घेतले. दोघं तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, मध्ये दोन कप. चहा निवत गेला.